मुक्कामी नवरा

पहिल्याच सकाळी मोजणीबाईंच्या हद्दीत दोन पाय आढळले.

मोजणीबाई ही काही मोठी पदवी नव्हे. लोकांच्या जमिनी मोजून द्यायच्या, हद्दीचे दगड रोवायचे, आणि ज्याचा बांध सरकलेला निघेल त्याच्या शिव्या खायच्या, असा त्यांचा पेशा होता. बाळंत होऊन वॉर्डात आल्या तेव्हा सिस्टरने काम काय करता विचारलं, ह्यांनी सांगितलं, आणि त्या घटकेपासून त्या मोजणीबाई झाल्या.

तर पाय. ते पडद्याखालून आले होते. त्यांत मोजे होते, मोज्यांवर पिवळी बदकं होती, आणि ती बदकं मोजणीबाईंच्या चपलांवर डोकं ठेवून झोपली होती. पायांच्या वरचा उरलेला माणूस पडद्यापलीकडे घोरत होता.

वॉर्डात दोन-दोन खाटांचे कप्पे होते आणि दोन खाटांमध्ये एक पडदा. पडदा म्हणजे दोन कुटुंबांमधला असा बांध, की जो कोणी शिंकलं तरी सरकतो. त्यात इस्पितळाने नुकताच नवा नियम काढला होता : बाळंतिणीजवळ रात्री नवऱ्याने मुक्काम करायला हरकत नाही. नियमामागे दया होती की रात्रपाळीच्या आयांची टंचाई, हे कुणी सांगत नव्हतं. पण प्रत्येक खाटेजवळ उघडली की पलंग होणारी एकेक खुर्ची मात्र येऊन पडली. मिटलेली असताना ती खुर्ची मोठी गरीब दिसे. उघडली की भटाला ओसरी दिल्यासारखं चालू.

पलीकडचा नवरा व्यायामशाळेत शिकवायला होता. दमलेल्या लोकांकडून आणखी एकदा वजन उचलून घ्यायचं, हा त्याचा धंदा. त्यामुळे जिभेवर एकच शब्द होता. बायकोने कूस बदलली, शाब्बास. बाळाने ढेकर दिली, शाब्बास. सकाळी सिस्टरने बायकोचे टाके तपासले तर त्याने सिस्टरलाही शाब्बास म्हटलं. मोजणीबाईंनी त्याचं नाव विचारलं नाही. मनातल्या मनात शाब्बासराव ठेवलं आणि त्याच्यावर राग धरायला सुरुवात केली.

राग पायांचा नव्हता. खरी गोष्ट अशी होती की मोजणीबाईंचं बाळ अंगावर पीत नव्हतं. दूध होतं. गाऊन भिजत होता, दूध नाही असं कोण म्हणेल? पण बाळ तोंड उघडी, हुंगे, आणि कुणीतरी अपमान केल्यासारखं मान फिरवून रडे. चमच्याचमच्याने पाजून कितीसं पोटात जाणार? बाळांच्या डॉक्टरीणबाई वजन बघून ओठ मुडपून गेल्या होत्या. उद्या सकाळपर्यंत प्यायला लागलं तर उत्तम, नाहीतर वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत नेऊन नळीने दूध द्यायचं, असं सांगून गेल्या होत्या. नाकातून नळी. मोजणीबाईंनी त्या नळीचा विचार एकदाच केला आणि पुन्हा करायचा नाही असं ठरवलं. ठरवून काही उपयोग झाला नाही.

आणि हात लांब केला तर कान धरता येईल एवढ्या अंतरावर एक परका पुरुष बसलेला असताना गाऊनची बटणं काढायची, म्हणजे त्यांच्या अंगाचं लाकूड होई. लाकडाला कुठलं पोर तोंड लावणार?

हे एवढंच त्यांनी मोठ्या सिस्टरला सांगितलं असतं, तर शाब्बासराव दुपारच्या आत उशी बगलेत मारून घरी गेले असते. पण काठ्या घेतलेल्या भावाभावांच्या मधोमध उभं राहून “मागे सरा” म्हणण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिच्या तोंडात “मला लाज वाटते” हे वाक्य बसेना. तेव्हा त्यांनी तक्रार केली ती आपल्या धंद्यातली.

“हरकत नेमकी कशाची?” मोठ्या सिस्टरने विचारलं. “आवाजाची, वासाची की वागणुकीची?”

“अतिक्रमणाची,” मोजणीबाई म्हणाल्या आणि बदकांकडे बोट केलं.

बदकं झटकन मागे गेली. पडद्याआडून आवाज आला, “सॉरी हं ताई. झोपेत जातात ते पाय.”

“मला ताई म्हणू नका. मला एक भाऊ आहे, तोच जास्त होतोय.”

“अहो, तुम्ही कशाला सॉरी म्हणताय?” हा आवाज शाब्बासरावांच्या बायकोचा. आडवी होती, पण आवाज उभा होता. “पोट फाडून पोर काढलंय माझं. रात्री रडलं तर मला उठता येत नाही. पाळण्यातून उचलून कोण देणार? पडदा?”

“घंटा आहे ना उशाशी,” मोजणीबाई म्हणाल्या. “वाजवली की सिस्टर येतात.”

“येतात की! पोर शाळेत जायच्या आत येतात.”

मोठ्या सिस्टरने हे ऐकलं नाही. न ऐकण्याचा त्यांना पुष्कळ वर्षांचा सराव होता. त्या म्हणाल्या, “माझ्या वॉर्डात नवऱ्यांचा निकाल शेजारणीच्या हरकतीवर लागतो. हरकत खरी निघाली तर संध्याकाळच्या घंटेला नवरा बाहेर. खोटी निघाली तर शेजारणीने तोंड मिटून पडायचं. मधलं काही नाही.”

“मान्य,” मोजणीबाई म्हणाल्या. “मोजणी लावा.”

दुपारी मोजणीबाईंचे यजमान डबा घेऊन आले. हा गृहस्थ चष्म्याच्या दुकानात होता. रात्रभर आपल्या गादीवर झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर होतं, वर दाढीही केलेली. बायकांच्या वॉर्डात पुरुषांनी राहू नये, तूही नको, असं पहिल्याच दिवशी मोजणीबाईंनी त्याला सांगितलं होतं. तो “बरं” म्हणाला होता. ते “बरं” जरा लवकरच आलं, असं तेव्हापासून त्यांना वाटत होतं.

“झोप लागली का?” त्याने विचारलं.

“टेप धर,” मोजणीबाई म्हणाल्या.

टेप बाळांची डोकी मोजायची होती. साखळी टाकून डोंगर मोजलेल्या बाईने ती कापडी फीत दोन बोटांत उचलली आणि नाक मुरडलं. पण मोजणी ती मोजणी. खाटांच्या उशालगत भिंतीवर ऑक्सिजनचा एकेक नळ होता. दोन नळांच्या बरोबर मधोमध जी जागा येईल ती हद्द, असं मोजणीबाईंनीच जाहीर केलं. पलीकडून “ठीक आहे” आलं, मोठ्या सिस्टरने मान हलवली. यजमानांनी शून्य धरलं. शून्य धरण्याचं काम त्यांना लग्नापासून जमत होतं.

फीत ताणली. मोजणीबाई टाके सांभाळत वाकल्या, पुन्हा वाकल्या.

“अगं,” यजमान हळूच म्हणाले, “आपणच आत गेलोय.”

“आपण कोण? शून्य नीट धर.”

“नीटच धरलंय. हद्द तुझ्या गादीखाली येतेय.”

खिडकीतून पाठीला वारा लागतो म्हणून पहिल्या दिवशी मोजणीबाईंनी ह्याच माणसाकडून खाट आत ओढून घेतली होती. खाटेबरोबर कपाट आलं, कपाटाबरोबर पाळणा आला, आणि पडदा बिचारा पलीकडे ढकलला गेला. शाब्बासरावांचे पाय इकडे आले ह्याचं कारण, तिकडे पाय ठेवायला जागाच उरली नव्हती.

खोटं बोलता आलं असतं. फीत बोटभर सैल सोडली की हद्द कशी सरकते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण खोटी मोजणी त्यांनी सख्ख्या काकांसाठीही केली नव्हती. काका अजून बोलत नाहीत. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, “आमची खाट आत आहे. चार बोटं.”

“चार बोटं कुणाची? राक्षसाची का?” पलीकडून बायको म्हणाली. “हातभर आहे चांगली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!”

“हरकत खोटी,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “ह्यांचा मुक्काम कायम. खाट मागे घ्या.”

मोजणीबाई खाटेवर जाऊन बसल्या आणि यजमानांनी खाटेला हात लावला. खाट हलली नाही. तेव्हा शाब्बासराव आले, मोजणीबाई, बाळ, उशा आणि डबा ह्यांच्यासकट खाट एका दमात खिडकीशी नेऊन ठेवली, आणि स्वतःलाच शाब्बास म्हणाले. पडदा जागेवर आला. पलीकडे खुर्ची कायदेशीरपणे उघडल्याचा आवाज आला. मोजणीबाईंच्या पाठीला वारा लागू लागला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तक्रारीला जागा उरली नाही, कारण जागा मोजून दिली होती.

संध्याकाळी बाळ भुकेने किंचाळू लागलं. मोजणीबाईंनी यजमानांना पडद्याकडे पाठ करून स्टुलावर बसवलं, वर चादर धरायला लावली, आणि बाळाला छातीशी घेतलं. खांदे कानांपर्यंत चढले होते. मान खाली, नजर बाळाच्या ओठांवर, दात आवळलेले. बाळाने हुंगलं. मान फिरवली. त्यांनी डोकं धरून पुन्हा आणलं. बाळाने पुन्हा फिरवली. वरच्या मजल्यावरून काहीतरी चाकांवर ओढत नेल्याचा आवाज आला आणि मोजणीबाईंना ती काचेची खोलीच चालत खाली येतेय असं वाटलं.

“लाग ना रे राजा,” त्या कुजबुजल्या. “लाग. आईचं ऐक.”

आणि मग पडद्याआडून, अगदी मायेने : “ताई, एक सांगू का? खांदे सैल सोडा.”

यजमानांच्या हातून चादर पडली.

“काय म्हणालात?” मोजणीबाईंनी विचारलं.

“खांदे. वर चढलेत तुमचे. श्वास सोडताना खाली सोडा, जमेल. मस्त जमेल.”

“माझे खांदे कुठे आहेत हे तुम्हाला पडद्यातून कसं दिसलं?”

“दिसलं नाही हो! श्वासावरून कळतं. धंदाच आहे माझा.”

“म्हणजे माझे श्वास मोजत बसलात तुम्ही?”

“मोजत नाही, कानावर येतात...”

ह्या क्षणी मोजणीबाईंच्या डोक्यात काहीतरी तुटलं. एका हाताने बाळ छातीशी धरून त्यांनी दुसऱ्या हाताने पडदा असा ओढला की कड्या किंचाळत टोकाला गेल्या. शाब्बासरावांनी समोर काय आहे ते अर्धं पाहिलं, आणि खुर्चीसकट गर्रकन भिंतीकडे वळले.

“वळा इकडे! आता का वळलात? ऐकायला कान लांब आणि बघायला नाक भिंतीला!”

“मी काही बघितलं नाही!” शाब्बासराव भिंतीला म्हणाले.

“बायकांच्या वॉर्डात मुक्काम ठोकता, बायका कुठे शिंकतात, कुठे कण्हतात ते ऐकत बसता, वर शिकवता? तुम्ही किती पोरांना पाजलंत आजवर?”

“अहो, वळू नका हं,” बायको खाटेवरून म्हणाली. “बाई, माझ्या नवऱ्याला बोलायचं काम नाही. त्याला बोलायला मी आहे. काल रात्री तुमचं पोर रडत होतं तर हा म्हणाला, उचलून देऊ का त्यांना, त्या दमल्यात. मीच म्हटलं, चावतील.”

“चावलेच असते!”

“कळतंय! स्वतःचा नवरा घंटा झाली की पळतो, म्हणून माझा डोळ्यात खुपतो तुमच्या.”

हा घाव बरोबर जागी बसला. मोजणीबाईंची पाठ मागे उशीला टेकली, आणि तिथून त्यांनी दुप्पट दमाने सुरुवात केली.

“माझा नवरा पळत नाही! मी पाठवते त्याला. इथल्या दहा बायकांना संकोच नको म्हणून पाठवते. तुम्हाला आहे का कुणाचं काही? तुम्हाला उचलून द्यायला माणूस हवा, म्हणून मी गाऊन शिवून घ्यायचा का गळ्यापर्यंत?”

“मग हे सकाळीच का नाही सांगितलंत? लाज वाटते म्हणायला लाज वाटली होय? पाय म्हणे, अतिक्रमण म्हणे!”

“दोघीही श्वास घ्या जरा,” भिंत म्हणाली.

“तुम्ही गप्प बसा!” दोघी म्हणाल्या.

“आणि नवऱ्याच्या नावाने खडे कशाला फोडता?” बायको आता कोपरावर उठली होती. “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

असं वाक्य बाळंतिणीला सहसा सासू म्हणते, आणि ते पुढे मरेपर्यंत लक्षात राहतं. मोजणीबाईंनी हनुवटी वर केली.

“आडात नाही? माझ्या आडात नाही? हा गाऊन बघा! चादर बघा! तुमच्या नवऱ्याला म्हणावं उचलून बघ चादर, वजन कळेल. अख्ख्या वॉर्डाला पुरून उरेल एवढं आहे माझ्याकडे! शांतता नाही. शांतता नाही तुमच्या ह्या शाब्बासकीमुळे. ढेकर दिली शाब्बास, शी केली शाब्बास. ह्या वयात त्याला शी करण्याचं बक्षीस मिळालं तर पुढे तो करील काय?”

“अगं...” यजमान म्हणाले.

“तू मध्ये बोलू नको!”

“अगं, पण...”

“एक शब्द नको! रात्रभर गादीवर लोळून येतोस आणि झोप लागली का म्हणून मला विचारतोस?”

“तो पितोय,” यजमान म्हणाले.

सगळे थांबले. मोजणीबाईंनी खाली पाहिलं. बाळाने तोंड भरून धरलं होतं, गाल हलत होते, आणि मध्ये मध्ये घोट गेल्याचा बारीक आवाज येत होता. एक मूठ आईच्या छातीवर टेकवून ते एखाद्या म्हाताऱ्यासारखं मन लावून जेवत होतं.

कुणी श्वास घेतला नाही. भिंतीकडे बघणारा माणूससुद्धा नुसता ऐकत राहिला. मोजणीबाईंचे डोळे भरून आले, मान पुढे झुकली, खांदे हळूहळू कानांकडे निघाले.

बाळ थांबलं. सोडून दिलं. तोंड वाकडं करून रडायला लागलं.

नेमक्या त्याच वेळी भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली आणि पाठोपाठ मोठ्या सिस्टर दारात उभ्या राहिल्या.

“वॉर्ड आहे की बाजार?” त्या म्हणाल्या. “जिन्यापर्यंत ऐकू येतंय. निकाल मी दुपारी दिला होता, पण आता ही आवाजाची हरकत माझी स्वतःची. उचला उशी. मुक्काम रद्द.”

मोजणीबाईंना सकाळपासून हेच हवं होतं.

शाब्बासरावांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच उशी उचलली. मोजे चाचपडले. त्यांच्या बायकोने पाळण्याकडे पाहिलं आणि मग आपल्या पोटाकडे. शांतता पसरली, मोजणीबाईंनी मागितली होती अगदी तशी. त्या शांततेत त्यांचं बाळ छातीवर डोकं घासत होतं, शोधत होतं, आणि लाकूड तेवढं त्याच्या हाताला लागत होतं.

“कुठे निघालात?” मोजणीबाई म्हणाल्या.

“घरी,” शाब्बासराव म्हणाले. “तुम्हालाच नको होतो ना?”

“नकोच आहात. पण माझं बोलून झालेलं नाही.”

मोठ्या सिस्टरने कमरेवर हात ठेवले. “म्हणजे तुमची काही हरकत नाही?”

“आहे. हरकत कायम आहे. माणूसही राहू दे.”

“असं कसं चालेल?”

“ज्याच्याबद्दल हरकत तो माणूसच समोर नसेल, तर मी रात्रभर हरकत घेऊ कुणावर?”

“माझ्यावर घे ना,” यजमान मध्येच म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली होती. “मी राहतो. भांड माझ्याशी.”

मोजणीबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. “तुझ्याशी भांडले की मला रडू येतं,” त्या म्हणाल्या. “रडून कुठे दूध उतरतं? जा तू. सकाळी लवकर ये.”

मोठ्या सिस्टरने बाळाकडे पाहिलं, गाऊनकडे पाहिलं, मग न पाहण्याचाही सराव असल्यासारखं वळल्या. “हळू भांडा,” जाता जाता म्हणाल्या. “पलीकडे झोपलेत.”

शाब्बासराव पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. “काय बोलू?” त्यांनी भिंतीला विचारलं.

“काहीही. तुम्ही तोंड उघडलंत की माझं आपोआप होतं.”

पण माणूस भला होता. मागितल्यावर त्याला काही सुचेना. त्याने घसा खाकरला, खुर्ची करकरवली. बाळाचं रडणं चढत गेलं.

“त्यांना जमायचं नाही,” खाटेवरून बायको म्हणाली. तिने डोक्याखाली दुसरी उशी घेतली, पदर नीट करावा तसं पांघरूण नीट केलं, आणि निवांत आवाजात विचारलं, “काय हो बाई, तुमच्या ह्या पोराचं नाक कुणावर गेलंय? बसकं आहे चांगलंच. की घाईघाईत बाहेर काढताना कुणी त्यावर बसलं?”

मोजणीबाईंची पाठ उशीला टेकली. खांदे खाली आले.

“माझ्या पोराच्या नाकाला नाव ठेवता?” त्या म्हणाल्या. बाळाने एकदा तोंड चुकवलं, दुसऱ्यांदा घट्ट धरलं. “थांबा. आधी तुमच्याकडच्याचे कान दाखवा बघू. अहो, उचला त्याला पाळण्यातून, आणा इकडे उजेडात!”